वर्गणीचा पिच्चर

आमच्याकडे सिनेमाचं वेळापत्रक ऊस ठरवायचा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाच्या ट्रका भरायच्या आणि बीड जिल्ह्यातली निम्मीअर्धी गावं पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघून जायची. परतायची ती पाडव्याच्या आगेमागे. मधल्या काळात गावात उरायची म्हातारी माणसं, शेरडं आणि शाळेतली पोरं. त्यांच्याकडून वर्गणी कोण मागणार? म्हणून केज-धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्या गावात पिच्चर दोनदाच यायचा. कोयते, म्हणजे ऊसतोडीची माणसं, जायच्या आधी गणपतीत, आणि कोयते परत आल्यावर आंबेडकर जयंतीला.

त्याआधीचा काळ मी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकला. यात्रेत तंबूची टॉकीज यायची. कनात, मधोमध पडदा, बसायला जमीन. बायका एका अंगाला, गडी दुसऱ्या अंगाला. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ सालचा. दुसऱ्याच वर्षी त्याचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. आमच्या भागात तो तंबूतून पोचला तेव्हा निजामाचं राज्यही गेलेलं होतं. असे संतपट बघायला बायका चपला बाहेर काढून बसायच्या, असं मी कुठंतरी वाचलं होतं. आजीला विचारलं तर म्हणाली, "चपला व्हत्याच कुणाच्या पायात?"

आजोबांचं तंबूतलं काम वेगळंच होतं. ते निजामी अमलात शिकलेले, शाळा उर्दूतली. हिंदी पिच्चरमधले मुकदमे, गवाह, जायदादीची भांडणं त्यांना घरच्यासारखी कळायची. मग ते खांबाला टेकून उभे राहायचे आणि मोठ्यानं सांगायचे, "सावकार म्हणतोय, जमीन माझ्या नावावर झाली. पोरगं म्हणतंय, कागद दाखव." तंबूवाला गप्प बसा म्हणायचा. बायका तंबूवाल्यालाच गप्प बसवायच्या. खुद्द आजोबांना पडदा नीट दिसत नसे, कारण तोंड लोकांकडे. पण कोण कुठं रडलं हे त्यांना वर्षभर सांगता यायचं.

पुढं सरकारी गाडी येऊ लागली. ती फुकट असायची. शाळेच्या भिंतीवर संकरित ज्वारी, देवीची लस, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. लोक ते सगळं सोसायचे, कारण शेवटी एखादं गाणं लावतील अशी आशा असायची. फुकटचा पिच्चर सरकारच्या मर्जीचा असतो, हे मात्र पोरांच्या ध्यानात आलं. आपल्या पसंतीचा हवा तर पैसे आपण जमवायचे. तिथून मंडळाचा पिच्चर सुरू झाला.

माझे चुलते, तात्या, त्या मंडळात होते. सोळा एमएमचं मशीन आणि रिळांच्या पत्र्याच्या पेट्या भाड्यानं आणायच्या, एसटीच्या टपावरून. पडदा म्हणजे दोन धोतरं जोडून शिवलेली. मशीन एकच, आणि मोठ्या रिळात जेमतेम पाऊण तास मावायचा. त्यामुळे दर पाऊण तासाला अंधार. ऑपरेटर नवं रीळ चढवायचा, फिल्मचं टोक दात्यांवर बसवून वर-खाली थोडा झोल सोडायचा. झोल कमी पडला की फिल्म ताणून तुटायची. मग ब्लेडनं टोक खरवडून, सिमेंट लावून जोड द्यायचा. त्या सिमेंटचा तिखट वास पहिल्या चार रांगांपर्यंत यायचा. एवढ्या वेळात तात्या माइकवर वर्गणीदारांची नावं वाचायचे. अकरा रुपयेवाला आधी, सव्वा रुपयावाला नंतर. सव्वा रुपयावाल्याचं नाव राहिलं तर पुढचं रीळ सुरू होऊ द्यायचं नाही, इतका त्या नावाचा मान.

पोरं कामं वाटून घ्यायची. एक वायरीपाशी, एक ओट्यावरच्या लेकरांपाशी, दोघं बायकांच्या बाजूला पाठ करून उभे. 'शोले' गावात तीनदा आला, पण तात्यांना तो सलग एकदाही बघायला मिळाला नाही.

दिसायचं ते दुसरंच. पडदा कापडाचा, म्हणजे चित्र दोन्हीकडून दिसायचं. मागून बघितलं की नावं उलटी आणि नायक डावखुरा. त्या उलट्या बाजूला कोणी बसायचं हे माइकवर कधी सांगावं लागलं नाही. महारवाड्यातली, मांगवाड्यातली माणसं आपोआप तिकडं जाऊन बसायची, आणि त्याला 'आपोआप' म्हणायची गावाला सवय होती. तात्या सांगतात, "वर्गणी घेताना दारं सारखी, बसताना पडदा आडवा."

ते बदललं ते मंडळाच्या ठरावानं नाही. जयंतीच्या मंडळानं चैत्रात स्वतःचं मशीन आणलं, स्वतःच्या वर्गणीचं. पडदा समाजमंदिराच्या भिंतीलाच ठोकला. भिंतीला मागची बाजू नसते. ज्याला बघायचं त्यानं समोर येऊन, मिळेल त्या जागेवर बसायचं. पहिल्या वर्षी गावातले थोडेच आले, तेही लांब उभे राहिले. पुढच्या वर्षी ऊसतोडीहून आलेली माणसं सरळ जाऊन बसली. सहा महिने एकाच फडात, एकाच अड्ड्यावर पाचटाच्या कोप्यांत काढलेली ती माणसं; गावात येऊन वेगळं बसायचा त्यांना कंटाळा आला होता. मग गणपतीच्या मंडळानंही पडदा शाळेच्या भिंतीला लावला. कारण विचारलं तर आजही सांगतात, "वाऱ्यानं धोतर हलायचं."

१९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आला. चार कॅसेटी, रातभर. पुढं सीडी आल्या. जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' असाच जयंतीच्या रात्री पाहिल्याचं मला आठवतं. यात्रेतले तंबू मात्र एकेक करून उठले. महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या टॉकीजांवरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गाजला, तेव्हा त्यातली मशीनं भंगारात निघायला लागली होती. तंबू तिकिटावर चालायचा, तिकीट थांबलं की तो थांबला. वर्गणीचा पिच्चर टिकला, कारण त्यात नफा नव्हताच. होतं ते उभं राहणाऱ्यांचं काम.

हल्ली गावातली पोरं पुन्हा पिच्चर दाखवायचं म्हणतात. शाळेला प्रोजेक्टर मिळालाय. चारचौघांत दाखवायचा तर ज्याचे हक्क त्याची परवानगी लागते, हेही त्यांनी शोधून काढलंय. हातात मोबाइल असताना लोक कशाला येतील, एवढीच त्यांना धास्ती. ती पोरं तात्यांकडे आली. कुठला पिच्चर, हे तात्यांनी विचारलंच नाही.

"कोयते आले का सगळे?" ते म्हणाले. "आणि उभं कोण राहणार? बसणारे लय मिळतील."