पिकअप ट्रकमधील इंजिनबदल : गिअरबॉक्स व टॉर्क कन्व्हर्टरची निवड

जुन्या ट्रकच्या चेसिसवर मूळ इंजिनाच्या जागी दुसरे, बहुधा नव्या पिढीचे इंजिन बसवताना त्यामागे कोणता ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि कोणता टॉर्क कन्व्हर्टर जोडायचा, हे ठरवण्याचे काम. अमेरिकेत घरच्या गॅरेजपासून मोठ्या वर्कशॉपपर्यंत असे बदल होतात. त्यांतला सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे शेव्हरोलेटच्या साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या सी-१० पिकअपमध्ये जनरल मोटर्सचे एलएस घराण्यातले व्ही-८ इंजिन बसवणे. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याच प्रकाराविषयी आहे.

या घराण्याचे पहिले इंजिन १९९७ मध्ये कॉर्व्हेट मोटारीत आले. १९९९ पासून त्याची ओतीव लोखंडाच्या ब्लॉकची ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची रूपे पिकअपमध्ये बसू लागली. यांतले ५.३ लिटरचे इंजिन भंगारात निघालेल्या गाड्यांतून सहज मिळते, त्यामुळे इंजिन मिळवणे हा कामाचा सोपा भाग ठरतो. पैसा आणि वेळ जातो तो इंजिनाच्या मागे. केवळ अश्वशक्तीचा आकडा पाहून गिअरबॉक्स घेणे आणि जाहिरातीतला आकडा पाहून कन्व्हर्टर घेणे, ही या कामातली सर्वांत महागडी सवय आहे. ट्रकचे वजन, मागच्या एक्सलचा रेशो, टायरचा व्यास आणि गाडीकडून घ्यायचे काम या चार गोष्टी आधी कागदावर मांडाव्या लागतात. त्यांतून गिअरबॉक्स ठरतो आणि मग कन्व्हर्टर.

टॉर्क कन्व्हर्टर हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला तेलाने भरलेला बंद डबा असतो. इंजिनाबरोबर फिरणारा पंप तेल बाहेरच्या कडेकडे फेकतो, ते टर्बाइनच्या पात्यांवर आदळून गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवते आणि परतताना मधल्या स्टेटरवरून वळून पुन्हा पंपाला मदत होईल अशा दिशेने जाते. या वळणामुळेच टॉर्क वाढतो. गाडी जागेवरून हलताना ही वाढ साधारण दुप्पट असते. टर्बाइनचा वेग पंपाच्या सुमारे ८५ ते ९० टक्क्यांवर पोहोचला की स्टेटर आपल्या एकदिशा क्लचवर मोकळा फिरू लागतो आणि वाढ थांबते. या यंत्रणेचा शोध जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ च्या सुमारास लावला, तोही जहाजांसाठी.

निवडीचा सगळा घोळ ‘स्टॉल स्पीड’ या एका संज्ञेभोवती होतो. टर्बाइन जखडून ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त जितके फेरे गाठते, तो स्टॉल. विक्रेते हा आकडा कन्व्हर्टरच्या खोक्यावर छापतात आणि गिऱ्हाईक तो त्या वस्तूचा कायमचा गुण मानते. खरे पाहता स्टॉल इंजिनाच्या टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. एखाद्या इंजिनाचा त्या फेऱ्यांवरचा टॉर्क २५६ पाउंड-फूट असेल आणि कन्व्हर्टर २,००० फेऱ्यांवर स्टॉल होत असेल, तर ४०० पाउंड-फूट टॉर्क देणाऱ्या इंजिनामागे तोच कन्व्हर्टर २,५०० वर स्टॉल होईल. म्हणून जाणकार बनवणारा ऑर्डर घेण्याआधी इंजिन, कॅमशाफ्ट, एक्सल रेशो, टायर आणि वजन विचारतो. हे काहीच न विचारता जो कन्व्हर्टर विकतो, त्याच्याकडून तो घेऊ नये.

व्यासाचा परिणाम तर याहून तीव्र आहे. कन्व्हर्टरची टॉर्क पेलण्याची क्षमता व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. रचना तीच ठेवून व्यास फक्त १० टक्के घटवला, तर त्याच फेऱ्यांवरची क्षमता सुमारे ४१ टक्क्यांनी कमी होते आणि स्टॉल वर चढतो. मूळ ट्रकांमध्ये सुमारे ३०० मिलिमीटर व्यासाचे, कमी स्टॉलचे कन्व्हर्टर असतात. मूळ कॅमशाफ्ट असलेल्या ५.३ इंजिनाला रोजच्या वापरात त्याहून फार काही लागत नाही. मोठा कॅमशाफ्ट टाकला की खालच्या फेऱ्यांवरचा टॉर्क घटतो, इंजिन गिअरमध्ये उभे असताना गुदमरते, आणि तेव्हा थोडा वरचा स्टॉल घेणे योग्य ठरते. शर्यतीच्या गाडीचा ३,५०० चा कन्व्हर्टर ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपला बसवणे मात्र चूकच, कारण घसरणीत वाया जाणारी शक्ती तेलाच्या उष्णतेत जाते. पूर्ण स्टॉलवर तर चाकांपर्यंत काहीच पोहोचत नाही, इंजिनाची सगळी शक्ती तेल तापवते. म्हणूनच स्टॉलची चाचणी पाच सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवत नाहीत.

गिअरबॉक्समध्ये मुख्य चुरस तिघांत असते. १९६४ चा टर्बो-हायड्रामॅटिक ४०० तीन गिअरचा, दणकट आणि संगणकाशिवाय चालणारा आहे. त्याचे रेशो २.४८, १.४८ आणि १.००, ओव्हरड्राइव्ह (१ पेक्षा कमी रेशोचा गिअर) नाही, कन्व्हर्टर जखडणारा लॉकअप क्लचही नाही. ४एल६०ई हा १९८२ च्या ७००आर४ चा इलेक्ट्रॉनिक वारस. त्याचे रेशो ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. १९९१ मध्ये आलेला ४एल८०ई टर्बो-हायड्रामॅटिक ४०० वरूनच घडला आणि २.४८, १.४८, १.००, ०.७५ असे रेशो घेऊन आला. नावातला ‘एल’ इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असल्याचे सांगतो, आणि ६० किंवा ८० हे सापेक्ष ताकदीचे अंक आहेत.

सी-१० ला ३.७३ चा एक्सल आणि २८ इंची टायर आहेत असे धरू. ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर वेगाला थेट गिअरमध्ये इंजिन सुमारे २,९०० फेरे घेते. ४एल६०ई च्या ओव्हरड्राइव्हमध्ये ते २,०४० च्या आसपास येते, ४एल८०ई मध्ये २,१८० च्या. लांबच्या प्रवासात हा फरक कानाला आणि पेट्रोलच्या बिलाला लगेच कळतो. जागेवरून निघताना चित्र उलटते: पहिल्या गिअरमध्ये ४एल६०ई ची एकूण घट ११.४ पट, ४एल८०ई ची ९.२५ पट. ४एल८०ई घेऊन तेवढीच ओढ हवी असेल तर एक्सल ४.५६ च्या आसपास न्यावा लागतो, आणि मग महामार्गावरचा फायदा बराचसा निघून जातो. मधला ४.१० चा एक्सल बहुतेकांना मानवतो.

टिकाऊपणात ४एल६०ई मागे पडतो. त्याचा तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच संच जळणे आणि सन गिअरचे पत्र्याचे शेल फुटणे ही नेहमीची दुखणी आहेत. शेल फुटले की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम जातात. हलका ट्रक, मूळ ताकदीचे ५.३ इंजिन आणि शहरी वापर असेल तर तो पुरतो. टर्बोचार्जर बसवायचा असेल किंवा जड ट्रेलर ओढायचा असेल तर वजन, लांबी आणि गाडीच्या फरशीतला गिअरबॉक्सचा बोगदा ठोकून रुंद करण्याचा त्रास पत्करूनही ४एल८०ई घ्यावा. त्याच्यासाठी मागचा क्रॉसमेंबर सरकवावा लागतो आणि प्रोपेलर शाफ्ट आखूड करून घ्यावा लागतो.

जोडणीत एक सापळा आहे. गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचाचे, म्हणजे बेलहाउसिंगचे, बहुतेक बोल्ट जुन्या शेव्हरोलेट व्ही-८ प्रमाणेच जुळतात, पण एलएसच्या क्रँकचा मागचा फ्लँज सुमारे १० मिलिमीटर पुढे, इंजिनाकडे असतो. जुना गिअरबॉक्स लावताना ही पोकळी स्पेसर आणि क्रँकला कन्व्हर्टरशी जोडणाऱ्या योग्य फ्लेक्सप्लेटने भरली नाही, तर कन्व्हर्टरची नळी क्रँकच्या खाचेत नीट बसत नाही आणि गिअरबॉक्सच्या तेलपंपाचे बुश व सील लवकर जातात. १९९९-२००० ची काही ६.० लिटर इंजिने याला अपवाद असून त्यांचा फ्लँज लांब आहे.

कन्व्हर्टर हाताने फिरवत आत सरकवताना तो टप्प्याटप्प्याने खाली बसतो: शाफ्टच्या खाचा, स्टेटरचा आधार आणि शेवटी तेलपंपाचा गिअर. गिअरबॉक्स इंजिनाला भिडवल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट यांत ३ ते ५ मिलिमीटर फट उरली पाहिजे. फटच नसेल आणि बोल्ट आवळून हाउसिंग ओढून घेतले, तर गाडी सुरू होण्याआधीच तेलपंप फुटतो.

नियंत्रणाचा प्रश्न इंजिनाच्या संगणकाशी बांधलेला आहे. १९९९ नंतरच्या ट्रकांचा मूळ संगणक योग्य प्रोग्रॅमिंग करून ४एल६०ई आणि ४एल८०ई दोन्ही चालवतो, त्यामुळे इंजिन, संगणक आणि वायरिंग एकाच गाडीतून घेणे शहाणपणाचे. ७००आर४ बिनसंगणकाचा असला तरी त्याची थ्रॉटल केबल बरोबर भूमितीत लावावी लागते. ती ढिली राहिली तर आतला दाब कमी पडून क्लच थोड्याच अंतरात जळतात.

गिअरबॉक्सच्या तेलासाठी रेडिएटरमधल्या कूलरखेरीज बाहेरचा वेगळा कूलर ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकला हवाच. जुना गिअरबॉक्स जळालेला असेल तर त्याचा कूलर धुऊन वापरण्यापेक्षा बदलावा; आतला कचरा नव्या गिअरबॉक्सचा घास घेतो.

डिझेलचे गणित वेगळे आहे. १९८९ च्या डॉज रॅममध्ये आलेले कमिन्सचे ५.९ लिटर सहा सिलिंडरचे इंजिन १६० अश्वशक्तीला ४०० पाउंड-फूट टॉर्क देत असे. त्याचे कामाचे फेरे २,५०० च्या आत संपत असल्याने पेट्रोल इंजिनाचा सैल कन्व्हर्टर त्याच्यामागे निरुपयोगी ठरतो. त्याला घट्ट, कमी स्टॉलचा आणि भक्कम लॉकअपचा कन्व्हर्टर लागतो. याच घराण्याची इंजिने टाटांच्या ट्रकांत येतात, पण भारतीय ट्रकांत हाताने बदलायचे गिअर प्रचलित असल्यामुळे इथे कन्व्हर्टरचा प्रश्न क्वचितच उभा राहतो.

शेवटी कायद्याकडेही पाहावे लागते. कॅलिफोर्नियात नव्याने बसवलेले इंजिन गाडीच्या वर्षाचे किंवा नंतरचे असावे आणि त्याची प्रदूषणनियंत्रक साधने शाबूत असावीत, अशी अट आहे. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना तिथल्या नियमित धूर-तपासणीतून सूट मिळते. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेपासून वेगळे होणारे बदल रोखते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हीच भूमिका पुन्हा स्पष्ट केली असून, इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी घ्यावी लागते.