प्राइड अँड प्रेज्युडिस (चित्रपट, २००५) : संगीत व स्थळे

जेन ऑस्टिन यांच्या १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर आधारलेला इंग्रजी प्रेमपट. दिग्दर्शक जो राइट. त्यांचा हा पहिलाच कथापट. प्रमुख भूमिका किरा नाइटली (एलिझाबेथ) व मॅथ्यू मॅक्फॅडिन (डार्सी) यांच्या. कथेचा काळ थोडा मागे, अठराव्या शतकाच्या अखेरीस नेला आहे.

संगीत दारियो मारियानेल्ली यांचे, पियानोवादन ज्याँ-ईव्ह तिबोदे यांचे, साथ इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राची. पात्रांना पडद्यावर वाजवायला आणि नाचायला रचना हव्या होत्या, म्हणून काही संगीत चित्रीकरणाआधीच तयार झाले. बेथोव्हनच्या सुरुवातीच्या पियानो सोनाटा डोळ्यांसमोर होत्या. त्यांतल्या पहिल्या तीन १७९६ मध्ये छापल्या गेल्या, त्यामुळे काळाचा मेळ चोख बसतो.

आरंभी पाखरांची किलबिल ऐकू येते, मग एकटा पियानो. एलिझाबेथ पुस्तक वाचत शेतातून घरी येते, वाळत घातलेल्या कपड्यांमधून वाट काढते. कॅमेरा घरात शिरतो तेव्हा तिची बहीण मेरी पियानोवर बसलेली दिसते आणि पार्श्वसंगीत वाटलेले सूर घरातलेच ठरतात. चित्रपटाचे खरे बलस्थान इथे आहे. मेरीचा रियाज, रोझिंग्ज हवेलीत एलिझाबेथचे अडखळणे, डार्सीच्या पेम्बर्ली या घरी त्याच्या बहिणीचा, जॉर्जियानाचा सफाईदार हात : कोण कसे वाजवते यावरून घर कळते, माणूस कळतो.

नेदरफील्ड हवेलीतल्या नृत्यासाठी हेन्री पर्सेल यांच्या ‘अब्देलेझर’ नाटकाच्या संगीतातली (१६९५) धून घेतली आहे. बेंजामिन ब्रिटन यांनीही हीच धून पुढे वाद्यवृंदासाठी विस्तारली होती. नाच रंगात आला की बाकीची जोडपी नाहीशी होतात. एलिझाबेथ आणि डार्सी तेवढे उरतात.

चित्रीकरण संपूर्णपणे इंग्लंडमध्ये झाले. केंटमधील ग्रूमब्रिज प्लेस हे एलिझाबेथचे घर लाँगबोर्न झाले, बर्कशरमधील बॅसिल्डन पार्क नेदरफील्ड, तर बर्ली हाऊस रोझिंग्ज. पेम्बर्लीसाठी डर्बीशरमधील चॅट्सवर्थ निवडले. ऑस्टिन यांनी पेम्बर्ली रंगवताना हेच घर मनात धरले होते, असे काही जण मानतात. कादंबरीत मात्र चॅट्सवर्थचे नाव स्वतंत्रपणे येते. कादंबरीतले चित्रदालन पडद्यावर शिल्पदालन झाले. तेथील शिल्पकार मोंती यांची संगमरवरी बुरखाधारी मूर्ती १८४७ ची, म्हणजे कथेनंतर अर्ध्या शतकाची. पण तिच्यापाशी थबकलेली एलिझाबेथ पाहताना हा कालविपर्यास खटकत नाही.

डार्सीची लग्नाची पहिली मागणी कादंबरीत चार भिंतींच्या आत होते. चित्रपटात ती स्टूरहेडच्या बागेतील अपोलो मंदिरात, मुसळधार पावसात होते. स्टॅनेज एजच्या कड्यावर एलिझाबेथ वाऱ्यात उभी राहते, तिथे संवाद नाही. सगळे काम वाद्यवृंद करतो.

वेशभूषा : जॅकलीन डरन. छायालेखन : रोमन ओसिन.

चित्रपटाला ऑस्करची चार नामांकने मिळाली, त्यांत संगीताचे एक. मारियानेल्ली यांना ऑस्कर मिळाले ते राइट यांच्याच ‘अटोन्मेंट’साठी (२००७). तरी पियानो कथेत कसा गुंफावा हे अभ्यासायचे, तर दोहोंत हाच चित्रपट सरस.