पैलतीराची वाट

ग्रीस देशाचे नाव निघाले की अथेन्सची प्राचीन मंदिरे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु सुट्टी घालविण्यासाठी तिकडे जाणारा प्रवासी बहुधा बेटे पाहावयास जातो. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरात बोटीवर चढावे, एका बेटावर दोन दिवस राहावे, पुन्हा बोट धरून पुढचे बेट गाठावे, असा तो प्रवास. ग्रीसच्या हजारो बेटांपैकी मनुष्यवस्ती असलेली बेटे सव्वादोनशेच्या आसपास आहेत. त्यांच्याच समुद्रात डेलोस नावाचे एक चिमुकले बेट आहे. अपोलो देवाचे जन्मस्थान म्हणून ते पूज्य मानले जाई. ख्रिस्तपूर्व ४२६ मध्ये अथेन्सच्या लोकांनी तेथील सारी थडगी हलविली आणि या बेटावर यापुढे कोणी जन्मू नये व कोणी मरू नये, असा दंडक घातला. आज तेथे भग्न देवालये आहेत. दिवसा होड्यांतून प्रवासी येतात आणि दिवस संपण्यापूर्वी त्यांना परतावे लागते. देवस्थान राहिले, गाव राहिले नाही.

बेटे आणि होड्या आपल्याकडेही आहेत. त्यांचा इतिहास काही वेगळेच सांगतो. आमचे राखोली गाव दमणगंगेच्या काठी, समुद्रापासून दूर. तथापि बेटाचे भाग्य आमच्याही वाट्यास एकदा आले होते. ते कसे, हे पुढे सांगेन. प्रथम गोव्याकडे वळू.

गोव्यातील तिसवाडी हा तालुका म्हणजे मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याची खाडी यांनी वेढलेले बेटच होय. त्याच्या भोवती मांडवीच्या पात्रात दिवाडी, चोडण, जुवे अशी आणखी बेटे आहेत. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत पाऊल ठेवले की काही मिनिटांत दिवाडी येते. हिरवी खाजणे आणि टेकडीवरचे पिएदाद चर्च पाहत बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेले की तेथे दुसरी फेरीबोट उभी असते. ती आपणांस डिचोली तालुक्यातील नार्वे गावी उतरविते. रायबंदराहून एक फेरी दिवाडीला जाते, एक चोडणला. शाळेची मुले, मासळीच्या टोपल्या, दुचाक्या, पाहुणे असा सगळा संसार या बोटींतून नदी ओलांडत असतो. त्यांचे महत्त्व पूल झाल्यावर संपले असेही नाही. ५ जुलै १९८६ रोजी पणजीजवळचा मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा नदीपारच्या वाहतुकीसाठी लोकांना पुन्हा फेरीबोटीचाच आश्रय घ्यावा लागला.

जुने गोवे, दिवाडी आणि नार्वे ही तीन ठिकाणे आज सकाळच्या प्रहरात पाहून होतात. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी मात्र हाच प्रवास जिवावरचा होता. दिवाडी बेटावर सप्तकोटीश्वराचे प्राचीन मंदिर होते. गोव्याच्या कदंब राजांचे हे आराध्यदैवत. या देवाचा वरप्रसाद आपणांस लाभला, असे ते आपल्या बिरुदात अभिमानाने मिरवीत. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत मंदिराचा विध्वंस झाला. त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकर्कने गोवे जिंकले, आणि १५४० च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेने तिसवाडीतील देवळे पाडली, त्यांत हे देऊळही गेले. भाविकांनी शिवलिंग गुप्तपणे नदीपार नेले. पैलतीरी नार्वे होते आणि तेथे त्या वेळी आदिलशाहीचा अंमल होता. नदीचे एवढेसे पात्र, पण अलीकडे एक राज्य आणि पलीकडे दुसरे! पुढे १६६८ मध्ये छत्रपती शिवाजीमहाराजांनी नार्व्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला. त्याचा शिलालेख तेथे आहे. अलीकडे राज्य शासनाने या वास्तूचे जतनकार्य केले आणि २०२३ मध्ये मंदिर पुन्हा भक्तांसाठी खुले झाले.

मी स्वतः ख्रिस्ती आहे, म्हणून हा इतिहास मी जपून, पण न लपविता सांगतो. ज्या सत्तेने जुन्या गोव्यात भव्य चर्चे उभारली, तिनेच समोरच्या बेटावरील लोकांचा देव त्यांच्यापासून तोडला. जे नदीपार गेले ते हिंदू राहिले. जे शेतांपाशी, घरांपाशी राहिले त्यांतील पुष्कळ ख्रिस्ती झाले. दोघांचे पूर्वज एकाच मातीतले. असे असता पाण्याला दोष का द्यावा? पाण्याने त्या देवाला वाट दिली, म्हणून तो वाचला. भिंत घातली ती राज्यकर्त्यांनी.

आता आमच्या बेटाची गोष्ट. १७७९ च्या तहास अनुसरून पेशव्यांनी पोर्तुगीजांना १७८३ मध्ये नगर हवेलीतील आणि १७८५ मध्ये दादरा येथील गावांचा वसूल तोडून दिला. मराठी आरमाराने पकडलेल्या सांताना नावाच्या जहाजाची भरपाई, असे त्याचे कारण सांगतात. समुद्रावरच्या एका जहाजापायी समुद्र न पाहिलेली गावे परक्यांच्या हाती गेली! पोर्तुगीजांचे ठाणे दमणला, आणि दमण व नगर हवेली यांच्या मध्ये दुसऱ्याचा मुलूख. प्रथम मराठ्यांचा, मग इंग्रजांचा, शेवटी स्वतंत्र भारताचा. चहूंकडे जमीन असूनही हा प्रदेश बेटच झाला.

१९५४ च्या जुलैमध्ये दादरा मुक्त झाले आणि २ ऑगस्टला सिल्वासा. भारताने मधली वाट बंद केल्यामुळे दमणहून पोर्तुगीज कुमक येऊ शकली नाही. १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद नेली. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना त्या वाटेने जाण्याचा हक्क पोर्तुगालला होता, असे न्यायालयाने मानले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना मात्र तो हक्क नव्हता. आणि भारताने वाट रोखली त्यात आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असेही ठरविले. ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा व नगर हवेली भारतीय संघराज्यात समाविष्ट झाली.

या निकालात एक साधे शहाणपण आहे. माणसाची वाट निराळी आणि फौजेची वाट निराळी. पीठ-मीठ घेऊन जाणारा, लेकीला भेटावयास निघालेला माणूस एका काठावरून दुसऱ्या काठाला गेला, तर कोणाचे राज्य बुडत नाही. फौजेपाठोपाठ मात्र हुकूम येतात, आणि मग कोणाची घरे उठतात, कोणाचे देव.

डेलोसने देवालय ठेवले आणि माणसे घालविली. दिवाडीचे देवालय पैलतीरी गेले, पण माणसे राहिली, आणि म्हणून दोन्ही तीरांचा संबंध तुटला नाही. इतिहासाची ही शिकवण पुस्तकापेक्षा फेरीबोटीत लवकर कळते.

तेव्हा श्रोतेहो, गोव्याला गेलात तर जुन्या गोव्याची चर्चे अवश्य पाहा. पण धक्क्यापासून मागे फिरू नका. बोटीत चढा, दिवाडी ओलांडा आणि नार्व्याला उतरून सप्तकोटीश्वराच्या दाराशी जा. एका तीरावरून पाहिलेला इतिहास अर्धाच असतो.