शून्यही लिहायचं

1880 चा हिवाळा. तुम्ही नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या माळावर आहात, पायांना कुसळं चिकटलीत. शेजारी अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड फेअरबँक, पक्ष्यांच्या याद्या करणारे. बंदुकीचा बार होतो, हाती आलेल्या पक्ष्याचं नाव यादीत चढतं. वर गिधाडं घिरट्या घालताहेत. ती मोजायचं तुमच्या मनातही येत नाही. एवढी आहेत, संपणार थोडीच!

आता 1992. तुम्ही नगरपासून दूर, उत्तरेतल्या एका रस्त्यावर जीपमध्ये बसलात. दिसेल ते गिधाड मोजायचं, वहीत लिहायचं. 2000 मध्ये पुन्हा तोच रस्ता, तीच पद्धत. वहीची पानं मात्र कोरी राहू लागतात. 2007 पर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्के घटलेली असतात. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मढ्यातून गिधाडांच्या पोटात जात होतं, त्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती. 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. आधीचा आकडा हाताशी होता, म्हणून घट किती मोठी ते कळलं.

आज, कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी. काळविटांसाठी 1980 मध्ये राखलेलं, जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचं अभयारण्य. डोक्यावर सापमार गरुड वाऱ्यावर एकाच जागी तरंगतोय, पाय खाली सोडलेले, नजर गवतात. अर्ध्या तासानं पुन्हा एक दिसतो. दुसरा की तोच? घाई करू नका. वेळ लिहा, दिशा लिहा, पंखातलं कुठलं पीस गळालंय ते बघा.

आणि घरट्याची नोंद ठेवा, पण लांबूनच. हा गरुड वर्षाला एकच अंडं घालतो. जोडी वर्षानुवर्षं दिसत राहते आणि आपण निर्धास्त असतो. पिल्लं उडेनाशी झालीत हे घरटं पाहिल्याशिवाय कळत नाही. माळ नांगरला जातो, बाभळी तुटतात, घरट्याची जागाच जाते.

पुढच्या डिसेंबरात याच जागी, याच वेळी या. कदाचित आभाळ रिकामं असेल. तरी वही मिटू नका. तारीख घाला, पुढे 0 लिहा. 2060 मध्ये इथं उभं राहणाऱ्याला तुमच्या गरुडाइतकंच हे शून्यही लागणार आहे. फेअरबँकांच्या शेजारी उभे असताना वरची गिधाडं तुम्ही मोजली नव्हती, आठवतंय ना?