रिकाम्या खाचेचं काम

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत. यंत्रांशी संबंध आला तो नाइलाजानेच. २००३ साली घरच्या संगणकाला मी दुसरी हार्ड डिस्क जोडली आणि दोन्ही डिस्क एकदमच दिसेनाशा झाल्या. जुन्या डिस्कमध्ये अम्मीच्या तोंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. अम्मी तोवर गेली होती आणि ओव्यांच्या वह्या मी टंकून झाल्यावर रद्दीत घातल्या होत्या! एका जाणकाराने ‘डिस्क गेली, टाकून द्या’ असा निकाल दिला. दुसऱ्या एका पोरसवदा मेकॅनिकने मात्र खोकं उघडलं आणि तो हसला. म्हणाला, ‘‘भाई, एका केबलवर दोन्ही मास्टर करून ठेवलेत. आधी बोलायचं कुणी?’’ त्याने एका डिस्कचा चिमुकला जम्पर हलवला. ओव्या परत आल्या.

तेव्हापासून या भांडणाचं मूळ शोधायची खोड लागली. ते सापडलं युनिक्सच्या बालपणात.

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्सची सुरुवात केली. १९७० च्या उन्हाळ्याअखेरीस त्यांच्याकडे पीडीपी-११ हे नवं यंत्र आलं, पण त्याची डिस्क डिसेंबरपर्यंत मिळालीच नाही. मधले तीन महिने ते यंत्र कोपऱ्यात बसून सहा गुणिले आठ घरांच्या पटावर बुद्धिबळाचा घोडा किती तऱ्हांनी फिरू शकतो, ते मोजत राहिलं. अखेर डिस्क आली ती ५१२ किलोबाइटची. आजचं एखादं छायाचित्रही तिच्यात मावणार नाही.

पुढे डिस्क वाढल्या. या यंत्रात सगळे भाग युनिबस नावाच्या एकाच सामायिक रस्त्यावर राहत. डिस्क स्वतः बोलत नसे, तिच्या वतीने कंट्रोलर बोले. प्रत्येक कंट्रोलरला दोन गोष्टी लागत : हाक मारण्यासाठी पत्ता आणि काम झाल्याची वर्दी देण्यासाठी व्हेक्टर नावाचा क्रमांक. आरके-११ या कंट्रोलरचा ठरलेला पत्ता ७७७४०० आणि व्हेक्टर २२०. हे आकडे अष्टमान पद्धतीतले. एक कंट्रोलर आठ डिस्क सांभाळी, तोवर सारं सुखाचं होतं. त्याच जातीचा दुसरा कंट्रोलर त्याच पत्त्यावर बसवला, की एका हाकेला दोघं ओ देत आणि दोघांचे शब्द तारेवर एकमेकांत मिसळून जात.

जम्पर बदलून दुसऱ्याला वेगळा पत्ता दिला तरी काम भागत नसे. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत आरके डिस्क चालवणाऱ्या भागात पत्ता एकच, ठाम लिहिलेला होता. दुसरा कंट्रोलर धडधाकट असला तरी युनिक्स त्या दारावर जातच नसे. मग सी भाषेतला तो मजकूर बदलायचा, व्हेक्टरच्या तक्त्यात नवी नोंद करायची आणि गाभा नव्याने बांधायचा.

दोष शोधायची रीत साधी होती. यंत्र थांबवायचं, पुढच्या फळीवरच्या खटक्यांनी पत्ता मांडायचा आणि तिथलं वाचून बघायचं. कुणी ओ दिली नाही, तर त्या पत्त्यावर कुणी ऐकत नाही एवढंच कळे. कार्ड मेलं आहे की नुसता पत्ता चुकला आहे, ते पुढे तपासावं लागे. हाकेला ओ येते पण वर्दी येत नाही, असं झालं तर रिकाम्या खाचा बघायच्या. वर्दीची परवानगी प्रोसेसरकडून निघून एका कार्डाकडून दुसऱ्याकडे अशी पुढे जाई. मधली खाच रिकामी असेल तर तिथे एक छोटं कार्ड खोचावं लागे. त्याचं काम एकच, आलेलं पुढे देणं. ते विसरलं, की पलीकडच्यांचा कारभार बिघडे. कधी अख्खं यंत्रच थबकून जाई.

जून १९८१ मध्ये बर्कली विद्यापीठातून ४.१ बीएसडी ही आवृत्ती निघाली. तिच्यात रॉबर्ट एल्झ यांनी लिहिलेली स्वयंरचना होती. यंत्र सुरू होताना गाभा नोंदवलेल्या पत्त्यांवर स्वतः हाक मारी, उपकरणाला मुद्दाम वर्दी द्यायला लावी आणि तिचा व्हेक्टर टिपून घेई. माणसाचा बराच त्रास वाचला.

माझ्या संगणकापर्यंत येता येता कंट्रोलर डिस्कच्याच अंगावर जाऊन बसला होता. भांडण मात्र तेच राहिलं : एक केबल, दोन मालक. त्या जाणकाराचं ऐकून मी डिस्क टाकून दिली असती, तर अम्मीच्या ओव्या भंगारात गेल्या असत्या, आणि त्या गेल्या म्हणून मी जन्मभर हळहळत राहिलो असतो.

अम्मीला त्या ओव्या तिच्या आईकडून आल्या होत्या. माझ्या घरी जातं नाही आणि मला गाताही येत नाही. डिस्क सुरू झाली त्याच आठवड्यात मी सगळ्या ओव्या कागदावर छापून घेतल्या आणि पुतणीच्या हाती दिल्या. ती गाते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)