‘घरचीच आहे हो!’ : एका लाडक्या वाक्याची उलटतपासणी

अमेरिकी दूरचित्रवाणीवर १९६१ ते १९६६ या काळात ‘हेझल’ ही विनोदी मालिका गाजली. टेड की यांच्या व्यंगचित्रांतून आलेली ही मोलकरीण बॅक्स्टर कुटुंबात राहते, वकील मालकाला ‘मिस्टर बी’ म्हणते आणि हरघडी त्यालाच नमवते. शर्ली बूथ यांना या भूमिकेसाठी दोनदा एमी पारितोषिक मिळाले, ते योग्यच होते. मालिका मलाही प्रिय आहे. पण अशा मालिकांच्या आधारे जो सिद्धान्त आपल्याकडे मिरवला जातो, तो मान्य करता येत नाही.

पूर्वपक्ष असा : घरात राहणारी बाई नोकर नसते, घरचीच असते. ती हक्काने रागावते, मुले तिच्या अंगाखांद्यावर वाढतात, तिच्या अडीअडचणीला, लेकीच्या लग्नाला मालक धावून जातो. अशा नात्यात पगार, सुटी आणि कायदा यांची भाषा आणली की माया आटते. असे म्हणणारे सगळेच ढोंगी नसतात. पुष्कळांची माया खरी असते. तरीही सिद्धान्त खोटा आहे.

आधी मालिकेचीच साक्ष काढू. १९६५ साली ती दुसऱ्या वाहिनीवर गेली, तेव्हा कथेत मिस्टर बी आणि त्यांची पत्नी परदेशी गेले. हेझल आणि त्यांचा मुलगा मिस्टर बींच्या धाकट्या भावाकडे राहू लागले. कुणी म्हणेल, बघा, मुलाबरोबर तीही गेली, म्हणजे घरचीच! पण मुलगा गेला तो पुतण्या म्हणून. हेझल गेली ती मोलकरीण म्हणून. एकाच घरातून एकाच घरात गेलेल्या या दोघांत घरचे कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

आता मालकाच्या मदतीकडे येऊ. याचा निवाडा डहाणू-तलासरीत कधीच झाला आहे. तिथल्या वारली आदिवासीकडे लग्नाला पैसा नसे. जमीनदार तो देई. घरातल्या वडीलधाऱ्याने करावे तेच कार्य त्याने केले, असे वरवर दिसे. त्या पैशाच्या बदल्यात नवरा त्याचा ‘लग्नगडी’ होई, बायकोही राबे, आणि कर्ज जन्मभर फिटत नसे. हिशेबाची वही मालकाची, वजन-मापही मालकाचे. मग फिटणार कसे? मदत खरी होती, लग्नही खरे लागले होते. बेडी त्याच मदतीची होती.

यावर आक्षेप येईल की ती वेठ होती, इथे तर पगार मिळतो. आक्षेप रास्त आहे. आजच्या प्रत्येक घराला मी सावकाराचा वाडा म्हणत नाही. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे : काय द्यायचे आणि कधी सोडायचे, हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. मर्जी चांगली असेलही. उद्या फिरली तर दाद कुठे मागायची?

वारल्यांच्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांना मोलकरणींचा आणि वेठीचा, हे दोन्ही प्रश्न जवळून ठाऊक होते. वारल्यांमध्ये येण्यापूर्वी, १९३८-३९च्या सुमारास, त्यांनी मुंबईत घरकामगारांची संघटना बांधली होती. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली. तिथे काय ठरले? जमीनदाराने आम्हांला घरचे मानावे, असे? नाही. वेठ करायची नाही, आणि दिवसाला रोख १२ आणे मिळाल्याखेरीज त्याच्या शेतावर राबायचे नाही, असे ठरले. माया त्यांनी मागितलीच नाही. मजुरी मागितली.

उरला शेवटचा मुद्दा : कायद्याने माया आटते. घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली झाला. त्यात आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती सांगितली आहे. भारताने त्याला अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही. महाराष्ट्रात २००८च्या कायद्याने कल्याण मंडळाची तरतूद झाली; पण कल्याण आणि हक्क हे समानार्थी शब्द नव्हेत. आठवड्याची एक सुटी दिल्याने जी माया आटते, ती मुळात किती खोल होती?

भाषा आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे. मोलाने काम करते, म्हणून मोलकरीण. या शब्दात लाजण्यासारखे काही नाही; लाज वाटावी ती मोल लपवणाऱ्याला. ‘घरची’ म्हटले की मोल विचारायची सोय उरत नाही. तेव्हा यापुढे कुणी ‘आमची बाई घरचीच आहे’ असे म्हणाले, तर एवढेच विचारावे : तिची सुटी कोणत्या वारी असते?