साबी-सँडचे सहा सिंह

ज्या राज्यास दप्तर नाहीं, शिलालेख नाहीं, नाणें नाहीं, त्याचा इतिहास लिहितां येत नाहीं, असें सामान्यतः मानण्यांत येतें. परंतु दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य भागांत, साबी व सँड या दोन नद्यांच्या प्रदेशांत, अगदीं अलीकडे असें एक राज्य होऊन गेलें कीं, त्याच्या उदयाचें वर्ष, त्याची व्याप्ति, त्यांत पडलेली फूट आणि त्याचा शेवट हें सर्व बऱ्याच निश्चितपणें सांगतां येतें. त्या राज्याचे धनी सहा सिंह होते. प्रवाशांना मोटारींतून रान दाखविणारे वाटाडे सकाळ-संध्याकाळ त्यांच्या मागावर असत. कोणता सिंह कोठें आढळला, कोणाशीं झुंजला, कोणास काय जखम झाली, याचीं टांचणें ते ठेवीत. माणसांच्या कित्येक राजघराण्यांविषयीं इतका विश्वसनीय पुरावा मिळत नाहीं.

या भूमीचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगणें अवश्य आहे, कारण त्यावांचून पुढील प्रकार समजावयाचा नाहीं. इ. स. १८९८ मध्यें ट्रान्सवालचे अध्यक्ष पॉल क्रुगर यांच्या सरकारनें साबी नदीच्या आसमंतांतील रान शिकारबंदीसाठीं राखून ठेविलें. बोअर युद्ध संपल्यावर १९०२ मध्यें जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन नांवाच्या लष्करी अधिकाऱ्याची तेथें रक्षक म्हणून नेमणूक झाली. त्या काळीं रान राखणें म्हणजे हरणें राखणें, अशी समजूत होती. म्हणून आरंभीं रक्षकांच्या हातूनच पुष्कळ सिंह मारले गेले! पुढें १९२६ मध्यें क्रुगर राष्ट्रीय उद्यान अस्तित्वांत आलें, तेव्हां पश्चिमेकडील कांहीं जमिनी खासगी मालकांकडेच राहिल्या. त्या मालकांनीं १९४८ मध्यें एकत्र येऊन साबी-सँडचें राखीव रान स्थापन केलें. त्याचा विस्तार सुमारें ६५,००० हेक्टर आहे. उद्यान आणि हें रान यांच्यामध्यें तारेचें कुंपण होतें, तें १९९३ मध्यें काढून टाकण्यांत आलें. माणसांच्या दृष्टीनें ही कारभाराची एक बाब होती. परंतु सिंहांच्या दृष्टीनें पाहतां एका विस्तीर्ण मुलखाच्या वेशीच उघडल्या गेल्या.

सिंहाचें कुटुंब ही मोठी विलक्षण संस्था आहे. कळपांत खऱ्या अर्थानें कायमच्या राहतात त्या सिंहिणी. आई, मावशी, लेकी, भाच्या मिळून एकाच भूमीवर पिढ्यान् पिढ्या नांदतात. मुलगे मात्र दोन-तीन वर्षांचे होतांच बाहेर पडतात, पुष्कळदां बाहेर घालविलेच जातात. मग ते वर्ष-दोन वर्षें भटकत, दुसऱ्यांच्या हद्दींतून चोरपावलांनीं हिंडत दिवस कंठतात. संस्कृत कवींनीं सिंहाला एकाकी आणि स्वबळावर राजा झालेला म्हणून कितीही गौरविलें असो, एकट्या सिंहास राज्य मिळणें दुर्घट आणि मिळालें तरी टिकविणें त्याहून दुर्घट. म्हणून ते टोळ्या करतात. आपल्याकडे भाऊबंदकी हा शब्द उच्चारतांच वाटणीचे तंटे डोळ्यांपुढें येतात. सिंहाची भाऊबंदकी नेमकी उलट आहे. भावाशीं जो राहील तोच वांचेल, अशी ती व्यवस्था आहे. टांझानियांतील सेरेंगेटीच्या मैदानांवर १९६६ पासून संशोधकांनीं सिंहांचा अखंड अभ्यास चालविला. त्यांत असें आढळलें कीं, चार किंवा अधिक नरांच्या टोळ्या सामान्यतः सख्ख्या-चुलत भावांच्या असतात. पण दोघां-तिघांच्या टोळींत पुष्कळदां परक्यालाही सामावून घेतलेलें असतें. आणि एवढें करून राज्य किती दिवसांचें? बहुधा दोन-तीन वर्षांचें.

हा अवधि इतका थोडा असतो, यांतच सिंहाच्या एका भयंकर कृत्याचें कारण आहे. नवे नर कळप जिंकतात तेव्हां आधींच्या धन्यांचीं पिल्लें ते वेंचून मारतात. पिल्लांना वाढविणारी सिंहीण दीड-दोन वर्षें पुनः गर्भ धरीत नाहीं. पिल्लें गेलीं कीं लवकरच ती माजावर येते, आणि साडेतीन महिन्यांत नवीं पिल्लें जन्मतात. ज्याला दोनच वर्षें राज्य करावयाचें आहे तो दुसऱ्याची मुलें मोठीं होईपर्यंत थांबला तर त्याचा वंश बुडाला. माणसाच्या नीतीचीं मापें येथें लावूं नयेत हें खरें. तथापि त्या आईच्या दृष्टीनें पाहिल्यास हें कारण कळून समाधान होण्याजोगें नाहीं. गुजराथेंतील गीरच्या अरण्यांत या संकटावर सिंहिणींनीं निराळाच तोडगा काढलेला दिसतो. तेथें नर आणि माद्या बव्हंशीं वेगवेगळे राहतात. एका सिंहिणीच्या क्षेत्रांत नरांच्या एकाहून अधिक टोळ्यांचा वावर असतो, आणि ती त्या सर्वांशींच संबंध ठेवते. मग पिल्लें कोणाचीं याचा निवाडा होत नाहीं, आणि तीं वांचतात! भारतीय संशोधकांनीं २०१९ मध्यें हा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

सिंहाच्या राज्याची सीमा दिसत नाहीं. ती ऐकूं येते. रात्रीं शांत हवेंत त्याची गर्जना आठ किलोमीटरपर्यंत पोंचते. ज्याच्यापाशीं मुलूख आहे तोच गर्जतो. भटका सिंह बहुधा मुका राहतो, कारण बोलणें म्हणजे संकटास आमंत्रण. सेरेंगेटींतील संशोधकांनीं परक्या सिंहांच्या गर्जना ध्वनिमुद्रित करून रानांत कर्ण्यांतून ऐकविल्या, तो प्रयोग आकाशवाणीच्या श्रोत्यांना विशेष रंजक वाटेल. एकाच परक्या सिंहिणीचा आवाज ऐकूं आला कीं सिंहिणी चालून येत. तिघींचे आवाज एकदम आले कीं त्या कचरत. म्हणजे न दिसणाऱ्या शत्रूंची संख्या त्या कानांनीं मोजत होत्या. नरांच्या बाबतींत दुसरीच गोष्ट निष्पन्न झाली. सोबती सख्खा भाऊ असो कीं परका असो, ते सारख्याच निर्धारानें आवाजाच्या दिशेनें पुढें जात.

आतां साबी-सँडच्या त्या सहा जणांकडे वळूं. त्यांतील पांच एकाच कळपांत जन्मलेले. सहावा, वयानें वडील, बाहेरून येऊन त्यांच्यांत मिसळला असें मानतात. त्याला मखुलू, म्हणजे थोरला, असें नांव पडलें. एकाच्या मानेवरील आयाळ तुऱ्यासारखी उभी राही, त्याला लोक मिस्टर टी म्हणत. ज्याच्या शेपटीला बांक होता तो किंकी टेल. उरलेले तिघे रास्ता, ड्रेडलॉक्स आणि प्रिटी बॉय. टोळीला ‘मापोगो’ हें नांव मिळालें. कायदा आपल्या हातीं घेऊन चोरांना निर्दयपणें शासन करण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या तेथील एका संघटनेचें तें नांव होतें, आणि सिंहांना तें शोभलेंही. रानरेडा आणि जिराफ यांसारखीं प्रचंड जनावरें पाडण्याची त्यांना लहानपणापासून संवय होती.

२००६ मध्यें त्यांनीं साबी-सँडवर स्वारी केली. दोघां-तिघांच्या टोळ्या जेथें मोठ्या समजल्या जात, तेथें सहा जण एकदम आले, मग सामना तो कसला! एकामागून एक कळप त्यांच्या सत्तेखालीं गेले, आणि जवळजवळ सारें रान त्यांचें झालें. पहिल्या सुमारें वर्षभरांत त्यांनीं नर, माद्या आणि पिल्लें मिळून चाळीसांहून अधिक सिंह मारले, असें तेथील वाटाडे सांगतात. कोणी याहून मोठा आंकडा देतात. मारलेल्या सिंहांना त्यांनीं खाल्ल्याचेंही प्रत्यक्ष पाहिलेलें आहे. प्रवासी हें पाहून हळहळत. परंतु निसर्गाच्या व्यवहारांत हात घालावयाचा नाहीं, हा तेथील नियम होता. ज्या भूमीवर शंभर वर्षांपूर्वीं हरणांसाठीं सिंह मारीत, तेथेंच आतां सिंहाच्या पिल्लांसाठीं सिंहावर बंदूक उचलावयाची नाहीं असें ठरलें. हा नियम पाळणें सोपें नव्हतें.

सत्ता वाढली, आणि तिच्याबरोबर पांगापांगही झाली. राज्य इतकें पसरलें कीं साऱ्या हद्दींवर सहा जणांना एकत्र फिरणें अशक्य झालें. मिस्टर टी आणि किंकी टेल हे दोघे वेगळे निघून दुसऱ्या भागांत नांदूं लागले, बाकीचे चौघे पश्चिमेकडे राहिले. दोन्ही ठिकाणीं राज्य चाललेंच होतें. पण ज्या संख्येच्या बळावर तें मिळालें होतें ती आतां कोठेंच नव्हती.

जून २०१० मध्यें क्रुगर उद्यानाकडून पांच तरुण सिंह आले. यांना पुढें माजिंगिलाने हें नांव मिळालें. त्यांतला एक जण सोबत्यांपासून दूर सांपडला, त्याला मिस्टर टी आणि किंकी टेल यांनीं मिळून ठार केलें. विजय झाला खरा; पण उरलेले चौघे थोड्याच वेळांत तेथें येऊन पोंचले. किंकी टेल त्यांच्या तावडींत सांपडला. मिस्टर टी एकटा पडला, आणि हटला. आपल्या भावांनीं इतरांना जसें संख्येनें चिरडलें होतें, अगदीं तसाच किंकी टेल मारला गेला.

मिस्टर टी परत पश्चिमेस आपल्या जुन्या सोबत्यांकडे गेला. तेथें त्यानें काय करावें? भावांच्याच कळपांतील पिल्लें मारलीं. म्हणूनच लोकांनीं त्याला ‘सैतान’ हें दुसरें नांव दिलें. हें नांव देणें कितपत न्याय्य होतें, याविषयीं शंका वाटते. इतरांच्या कळपांत सहाही भावांनीं जें केलें त्याला पराक्रम म्हणणारे प्रवासी, तेंच घरांत घडल्यावर सैतान आठवूं लागले. सिंहाच्या लेखीं दोहोंत फार अंतर असेल असें दिसत नाहीं. भावांनीं मात्र त्याला घालवून दिलें नाहीं. त्यांच्यापाशीं तेवढी निवड उरली नव्हती.

माजिंगिलाने पूर्वेकडून दाबीत होतेच. रास्ता आणि ड्रेडलॉक्स हे दोघे नाहींसे झाले, आणि २०१२ च्या आरंभीं मखुलू, प्रिटी बॉय व मिस्टर टी असे तिघेच राहिले. मार्च महिन्यांत सेलाटी नांवाच्या चार तरुण सिंहांच्या टोळीनें त्यांना गांठलें. चौघांनीं मिस्टर टीला घेरलें. झुंज प्रवाशांच्या डोळ्यांदेखत चालली. त्याचा प्राण लवकर गेला नाहीं. इतर दोघे जवळपास होते, पण ते पुढें झाले नाहींत.

त्यानंतर मखुलू आणि प्रिटी बॉय यांनीं तें रान सोडलें. मखुलू तेव्हां सिंहाच्या मानानें पुरा म्हातारा झाला होता. इतकें वय गांठणारे नर रानांत थोडेच. दोघे म्हातारे एकमेकांची साथ न सोडतां, परक्या हद्दींतून, तरुणपणीं हिंडले होते तसेच पुनः मुक्यानें हिंडत राहिले, आणि क्रमानें वाटाड्यांच्या टांचणांतून त्यांचीं नांवें नाहींशीं झालीं. साबी नदीकांठीं रात्रीं आतां दुसऱ्या सिंहांची गर्जना ऐकूं येऊं लागली होती.